नोकरी करता करता ग्रामपंचायत लढवायची तर

मी अकरा वर्षं गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत एका कारखान्यात अकाउंट्सला होते. सकाळी साडेआठची बस, डबा, व्हाउचर, महिनाअखेरचा ताळमेळ, संध्याकाळी भाजी घेऊन घर. डिसेंबर २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यात करवीर तालुक्यातल्या आमच्या नदीकाठच्या गावात मी ग्रामपंचायत सदस्य म्हणून निवडून आले. तेव्हापासून आजूबाजूच्या गावांतल्या नोकरदार बायका विचारायला येतात. कोणी पतसंस्थेत क्लार्क, कोणी दवाखान्यात रिसेप्शनला, कोणी शाहूपुरीतल्या दुकानात बिलिंगला. प्रश्न सगळ्यांचा एकच असतो: "ताई, आम्हाला जमंल काय?"

जमतं. जिला फाइल लावता येते, हिशेब वाचता येतो आणि एका कागदासाठी चार वेळा न कंटाळता फोन करता येतो, तिची निम्मी तयारी झालेलीच असते. राहिलेली निम्मी म्हणजे नियम, आणि ते वेळेवर माहीत असणं. मला बरंच काही उशिरा कळलं. तुम्हाला आधी कळावं म्हणून हे लिहितेय.

सुरुवात किती आधी करायची

किमान दोन वर्षं आधी. २०११ पासून महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत, म्हणजे तुमच्या प्रभागात कोणीतरी बाई बसणार हे नक्कीच. आरक्षणाची सोडत निघाली की गटाचे लोक शोधाशोध करायला लागतात, "कुणाच्या घरातनं नाव द्यायचं?" त्या आठवड्यात ज्या बाईचं नाव गावाला स्वतःच्या कामानं माहीत असतं, तिच्याकडे लोक येतात. बाकीच्यांचं नाव नवऱ्याच्या नावामागून येतं आणि पुढं पाच वर्षं तसंच चालतं.

आपल्या जिल्ह्यात डिसेंबर २०२२ ला ज्या गावांत मतदान झालं, त्यांची मुदत २०२७ च्या अखेरीस संपते. तुमचं गाव त्यात असेल तर तयारीची वेळ आत्ताच आहे. आणि हेही ध्यानात ठेवा, सर्वसाधारण जागेवरूनही बाईला उभं राहता येतं. आरक्षण पडलं तरच आपली पाळी, असं काही नाही.

नोकरीचा प्रश्न

हा सगळ्यात आधी सोडवा. सरकारी, जिल्हा परिषदेच्या किंवा महापालिकेच्या पगारावर असाल तर राजीनामा दिल्याशिवाय उभं राहता येत नाही, आणि तो अर्ज भरण्याआधी मंजूर झालेला असावा लागतो. नुसता देऊन भागत नाही. खासगी नोकरीला कायद्याची आडकाठी नाही, पण तुमचं नेमणूकपत्र काढून वाचा. कित्येक पत्रांत राजकीय पदाबद्दल एक ओळ असते आणि ती कोणी वाचलेली नसते. पतसंस्था, सहकारी बँक, साखर कारखाना इथं असाल तर सेवानियम मागून घ्या.

मी आमच्या साहेबांना तोंडी सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "गावकी करायची असंल तर घरी बसून करा." आठवडाभर मला झोप नव्हती. मग मी अर्ज लिहिला: महिन्याला एक मासिक सभा, वर्षाला चार ग्रामसभा, एवढ्या दिवसांची रजा माझ्या शिल्लक रजेतून घेईन, महिनाअखेरच्या कामाला धक्का लागू देणार नाही. सभांचा वर्षाचा अंदाजे तक्ता सोबत जोडला. कागदावर आकडा दिसल्यावर त्यांनी सही केली. घरी काय किंवा ऑफिसात काय, "मला निवडणूक लढवायची आहे" एवढंच सांगितलं की समोरचा माणूस घाबरतो. किती दिवस, किती तास ते सांगा.

सदस्यपद नोकरी सांभाळून होतं. सरपंचपदाचं मात्र तसं नाही. थेट निवडणुकीतून सरपंच झालात तर रोज ग्रामपंचायतीत बसावं लागेल, पंचायत समितीत हेलपाटे होतील. २०२४ मध्ये मानधन वाढलं, तरी ते लोकसंख्येप्रमाणे महिन्याला ६ ते १० हजारच आहे. त्यावर घर चालत नाही. ज्यांच्या पगारावर पोरांची फी जाते त्यांनी पहिल्या खेपेला सदस्यपद लढवावं, असं माझं मत आहे.

कागदपत्रं: इथंच अर्ज उडतात

एक प्लास्टिकची फाइल करा आणि खालचं सगळं वर्षभर आधी त्यात लावा.

मतदार यादीपासून सुरुवात करा. वय २१ पूर्ण आणि नाव गावाच्या यादीत, या दोन पहिल्या अटी. बायकांचं इथंच अडतं. लग्नाआधीचं नाव माहेरच्या यादीत, आधारवर सासरचं, बँकेत तिसरंच स्पेलिंग. नाव हलवायला आणि दुरुस्तीला नमुना ८, नवीन नोंदीला नमुना ६. स्थानिक निवडणुकीसाठी विधानसभेची यादीच प्रभागवार फोडून वापरतात, म्हणून निवडणूक जाहीर झाल्यावर धावाधाव करून काही होत नाही. प्रारूप यादी लागली की ग्रामपंचायतीत जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघा. घरातली चार माणसं एका प्रभागात आणि सून दुसऱ्यात, असं मी बघितलंय. गावातली मतदार कोणत्याही प्रभागातून उभी राहू शकते, पण तुमच्या गल्लीची मतं शेजारच्या प्रभागात गेली असतील तर हरकत घ्यायची वेळ तीच.

मग थकबाकी. घरपट्टी, पाणीपट्टी भरून पावत्या फाइलला लावा. एकत्र कुटुंब असेल तर घरातल्या दुसऱ्या कोणाची थकबाकीसुद्धा तुम्हाला नडू शकते, कायद्यात तसं स्पष्टीकरणच आहे. छाननीच्या दिवशी आमच्याच प्रभागातल्या एका वहिनींवर हरकत आली. सासऱ्यांच्या नावावर जुन्या नळाची पाणीपट्टी राहिली होती आणि त्यांना स्वतःला त्या नळाचा पत्ताही नव्हता. दीर मोटरसायकलवरून गावात गेले, जुन्या ट्रंकेतून पावती शोधून आणली, तेव्हा अर्ज वाचला. तो पाऊण तास वहिनी तहसील कार्यालयाच्या पायरीवर पदर तोंडाला लावून बसल्या होत्या.

तिसरं, अतिक्रमण. सरकारी किंवा गावठाणाच्या जागेवर घराचा ओटा, शेड, गोठा पुढं आलेला असेल तर सदस्यपद जाऊ शकतं. अतिक्रमण सासऱ्यांनी केलं आणि तुम्ही तिथं राहता, एवढंही पुरतं. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये हे स्पष्ट केलंय. ग्रामपंचायतीतून घराचा नमुना ८ चा (कर आकारणीचा) उतारा काढा आणि प्रत्यक्ष बांधकाम त्याच्याशी ताडून बघा.

१२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं अपत्य झालेलं नसावं. घरात शौचालय आणि त्याचा वापर असल्याचा दाखला लागतो. ग्रामपंचायतीच्या कोणत्याही कामाचा ठेका तुमच्या नावावर नसावा आणि आडून हितसंबंधही नसावा. नवरा किंवा दीर गावातली कामं घेत असतील तर आधी वकिलाला विचारा.

राखीव प्रवर्गाची जागा असेल तर जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र लागतं. वैधता नसेल तर समितीकडे अर्ज केल्याची पोच आणि हमीपत्र देऊन उभं राहता येतं, पण निवडून आल्यावर ठरलेल्या मुदतीत ते सादर केलं नाही की पद जातं. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ही मुदत सक्तीची आहे असं सांगितलं, तेव्हा कोल्हापूर महापालिकेतल्या कितीतरी नगरसेवकांचं पद टांगणीला लागलं होतं. बायकांना पुरावे वडिलांकडचे लागतात, नवऱ्याकडचे नव्हे. आजोबांचा शाळेचा दाखला, जुन्या महसुली नोंदी शोधायला माहेरी जावं लागतं. या दिवाळीत माहेरी जाल तेव्हाच हे काम उरका.

ग्रामसभेत नाव लागू दे

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

वर्षाला किमान चार ग्रामसभा होतात, साधारण २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या आसपास. त्यांच्या आधी महिलांची ग्रामसभा घ्यावी लागते. किती गावांत ती खरी होते आणि किती गावांत घरोघर वही फिरवून सह्या घेतल्या जातात, ते तुम्हाला ठाऊक आहे. ती खरी घ्यायला लावणं हे तुमचं पहिलं काम.

ग्रामसभेला १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यांतला जो आकडा कमी असेल तेवढी गणपूर्ती लागते. ती झाली नाही तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. झेंडावंदन झालं, जिलेबी वाटली, माणसं पांगली, की सभा तहकूब. पुढच्या तारखेला वीस माणसं बसून ठराव करतात. त्या वीसांत तुम्ही असलं पाहिजे.

मी पहिल्यांदा बोलले ते दिवाबत्तीवर. त्याआधी ग्रामपंचायतीत जाऊन अंदाजपत्रक बघितलं होतं, म्हणजे नमुना १. रोकड वही नमुना ५, कर आकारणी नमुना ८, असे एकूण ३३ नमुने असतात. अकाउंट्सला काम केलेल्या बाईला ते आठवडाभरात कळतात, आपल्याच लेजरची ती भावंडं. दिवाबत्तीला ६० हजारांची तरतूद होती आणि आमच्या गल्लीचे तीन खांब गणपतीपासून बंद होते. मी उभी राहून एवढंच विचारलं, "यातले किती खर्च झाले आणि कुठल्या खांबावर?" हातातला कागद थरथरत होता. मागून कोणीतरी म्हणालं, "हिला कोण शिकवून पाठवलंय?" सरपंच म्हणाले, बघू.

आठ दिवसांनी मी प्रोसिडिंग, म्हणजे सभेचं इतिवृत्त, बघायला गेले. त्यात लिहिलं होतं, "एका महिलेने दिवाबत्तीबाबत विचारणा केली." मी ग्रामसेवक भाऊंना म्हटलं, भाऊ, माझं नाव आहे की, ते लिहा. पुढच्या सभेत मागचं इतिवृत्त वाचून कायम करताना ती दुरुस्ती करून घेतली. तीनही खांब तोवर लागले होते.

प्रश्न आकड्यांतून विचारा. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर, १५ टक्के मागासवर्गीयांसाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. किती झाले ते विचारा. वित्त आयोगाचा निधी आणि गावाचा विकास आराखडा ई-ग्रामस्वराज पोर्टलवर मोबाइलवर दिसतो. आराखड्यात "गटर बांधकाम" लिहिलंय, ते कुठून कुठपर्यंत, हे जाऊन बघून या आणि मग बोला. कागद मिळत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पण आधी तोंडी, मग लेखी विनंती आणि शेवटी तो अर्ज. गावात उद्याही एकाच नळावर भेटायचंय.

ठरावाची ताकद काय असते ते आपल्या जिल्ह्यानंच दाखवलं. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. मंगळसूत्र तोडणं, बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं थांबवायचं असं गावानं लिहून ठेवलं, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं सगळ्या ग्रामपंचायतींना तसं करायला सांगणारं परिपत्रक काढलं. मी तो ठराव पेपरमध्ये वाचला तेव्हा आमच्या गल्लीतल्या एक काकू आठवल्या. दीड वर्ष त्या हळदी-कुंकवाच्या दिवशी दार लावून बसायच्या.

सभेबाहेरचं काम जे समोर येईल ते करा. २०१९ च्या महापुरात आम्ही शाळेत राहिलो होतो. राजाराम बंधाऱ्याची धोका पातळी ४३ फूट, आणि पाणी तिच्याही वर गेलेलं. सगळे भेदरलेले. मी एका शंभर पानी वहीत घरनिहाय यादी करायला घेतली: माणसं किती, जनावरं किती, पासबुक कुणाचं भिजलं, रेशनकार्ड कुणाचं वाहून गेलं, रोजच्या गोळ्या कुणाला लागतात. नंतर पंचनाम्याला तलाठी आले तेव्हा ती वही कामाला आली. माझ्या डोक्यात तेव्हा निवडणूक नव्हती, पण तीन वर्षांनी मत मागायला गेले तर दोन घरांत तीच वही आठवली.

पॅनेल, पैसा आणि घरची माणसं

ग्रामपंचायतीला पक्षाचं चिन्ह नसतं. पॅनेल असतात, आणि त्यामागं दूध संस्था, सेवा सोसायटी, तालीम, भावकी हे सगळं असतं. एकटीनं लढता येतं, पण प्रभागात दोन-तीन जागा असतात आणि पॅनेलची मतं एकत्र फिरतात. पॅनेलमध्ये जाताना तीन गोष्टी आधीच बोलून घ्या: खर्चातला माझा वाटा किती, माझ्या नावानं प्रचारपत्रकात काय छापणार आणि निवडून आल्यावर सह्या कोण करणार. तिसरा प्रश्न विचारला की समोरचे एकमेकांकडे बघतात. तरीही विचारा.

नवऱ्याशीही हेच बोला, आणि आधी बोला. आमच्या घरी मी सरळ म्हटलं, "अहो, गाडी चालवा, याद्या बघा, मला सोबत करा. सभेत मात्र मी एकटी बसणार." ते दोन दिवस गप्प होते, मग म्हणाले, बरं.

खर्चाला मर्यादा असते. डिसेंबर २०२२ ला सदस्यासाठी ती ७ ते ९ सदस्यांच्या गावात २५ हजार, ११ ते १३ सदस्यांच्या गावात ३५ हजार आणि १५ ते १७ च्या गावात ५० हजार होती. तुमच्या वेळचा आकडा तहसीलच्या सूचनेत बघा. निवडणुकीसाठी स्वतःच्या नावानं वेगळं बँक खातं काढा आणि खर्च त्यातूनच करा. सोनं गहाण टाकू नका. "जेवणावळी घातल्याशिवाय मत मिळत नाही" असं सांगणारे भेटतील. त्यांचं ऐकलंत तर पुढची पाच वर्षं ते पैसे वसूल करायचा विचार डोक्यात राहील.

अर्ज, छाननी, माघार

अर्ज भरायची मुदत मोजक्याच दिवसांची असते आणि वेळ ११ ते ३. शेवटच्या दिवशी जाऊ नका, तहसीलला जत्रा असते. शपथपत्रात मालमत्ता, कर्ज, शिक्षण, गुन्हे यांचा रकाना रिकामा ठेवू नका. नसेल तिथं "निरंक" लिहा. नवऱ्याची मालमत्ताही लिहावी लागते, म्हणून सातबारा आणि कर्जाचे उतारे आधी हातात पाहिजेत. मतपत्रिकेवर नाव कसं छापायचं ते अर्जातच ठरतं. गाव तुम्हाला ज्या नावानं ओळखतं तेच द्या.

छाननीला स्वतः हजर राहा, पूर्ण फाइल घेऊन.

खरी परीक्षा माघारीच्या दिवशी. "बिनविरोध करूया, गावात एकी राहू दे, पुढच्या वेळी तुझाच नंबर," असं सांगायला मामा, चुलत सासरे, शाळेतले गुरुजी अशी न मोडवणारी माणसं पाठवतात. गाव खरंच एकत्र येऊन चांगली माणसं बसवत असेल तर विचार करा. नाहीतर त्या दुपारी तीन वाजेपर्यंत मोबाइल बंद ठेवून मैत्रिणीच्या घरी बसा. मी तेच केलं.

प्रचारात मतदार यादीचं पान न् पान हातात ठेवा आणि प्रत्येक नावापुढं खूण करा: भेटले, पुण्याला, मयत, नाराज. धार काढायच्या वेळी कुणाच्या दारात जाऊ नका. ऊसतोडीच्या दिवसांत बायका अंधार पडल्यावरच घरी सापडतात. सरपंचाचं एक आणि प्रभागातल्या प्रत्येक जागेचं एक अशी सगळी बटणं दाबल्यावरच मशीन वाजतं, हे म्हाताऱ्या माणसांना पुठ्ठ्यावर चित्र काढून समजावा. मतदान केंद्रात आणि मोजणीला प्रतिनिधी म्हणून एक तरी बाई ठेवा.

शहरात राहणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. जानेवारी २०२६ च्या महापालिका निवडणुकीत कोल्हापुरात २० प्रभाग आणि ८१ जागा होत्या, म्हणजे एका प्रभागात चार-पाच उमेदवारांची मोट. तिथं पक्षाकडून लढायचं तर एबी फॉर्म, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा कागद, लागतो, प्रभाग मोठा, खर्चही मोठा. पेठांत तालीम मंडळांना डावलून काही होत नाही. पण पाया तोच: पाणी, कचरा, ड्रेनेजच्या तक्रारी लेखी द्या, पोच घ्या, तारखेनिशी पाठपुरावा करा आणि ती फाइल गल्लीतल्या बायकांना दाखवा.

निकालानंतरचे पहिले महिने

गुलाल धुवायच्या आधी खर्चाचा हिशेब लिहायला बसा. निकालानंतर ३० दिवसांत तो सादर करायचा असतो, हरलात तरी. केला नाही तर पाच वर्षांपर्यंत अपात्र ठरवता येतं. आमच्याकडे हरलेल्या दोघींना हे कोणी सांगितलंच नव्हतं. मी त्यांची बिलं घेऊन त्यांच्या घरी बसले, त्या विरोधी पॅनेलच्या होत्या तरीही.

रजेशिवाय सलग सहा महिने सभेला गैरहजर राहिलात तर पद रिकामं होतं. कंपनीचं ऑडिट आणि मासिक सभा एकाच दिवशी आली तर रजेचा अर्ज ग्रामपंचायतीला लेखी द्या आणि पोच ठेवा. प्रशिक्षणाचं बोलावणं आलं की स्वतः जा, नवऱ्याला पाठवू नका.

माझी पहिली मासिक सभा एका गुरुवारी झाली. मी एक वाजता कंपनीतून निघाले आणि चारला सभेत पोचले. दोन विषय झाले, चहा झाला, सगळे उठले. रात्री आठला शिपाई दादा प्रोसिडिंग बुक घेऊन घरी आले आणि म्हणाले, "वहिनी, इथं तेवढी सही करा." आमच्या ह्यांनी सवयीनं वहीला हात पुढं केला. मी ती माझ्याकडे घेतली आणि दिव्याखाली बसून वाचली. दोन ठराव बरोबर होते. त्यांच्याखाली सात ओळी कोऱ्या होत्या आणि त्याखाली माझ्या सहीची जागा. व्हाउचरवर अकरा वर्षं जे केलं तेच केलं. पट्टी लावून कोऱ्या जागेवर तिरकी रेघ ओढली, रेघेच्या दोन्ही टोकांना आद्याक्षरं घातली आणि मग सही केली, खाली तारीख आणि वेळ टाकून.